दगड कुठे ठेवायचा

त्या मुलखात सभा नेहमी वेळेवर भरत असे, आणि खड्डा उघडा होता.

खड्डा मुद्दाम कुणी केलेला नव्हता. फार पूर्वी, सभेला बसायला धड जागा नाही अशी तक्रार आली, तेव्हा उंबराच्या झाडाभोवती पार बांधायचे ठरले. पाराला माती लागली, ती हाताशी होती तिथून काढली. पार जसजसा उंच होत गेला तसतसा खड्डा खोल होत गेला. पार पुरा झाल्यावर समारंभ झाला आणि त्यात सर्वांचे आभार मानले गेले. खड्ड्याचे नाव कुणी घेतले नाही. तो कामात धरलेला नव्हता, कामातून उरलेला होता.

एका अंगाला पार आणि दुसऱ्या अंगाला पायवाट, अशा मधल्या जागेत तो होता. पायवाट माळावरच्या गवतातून निघून पाणवठ्यावर जाई. ज्यांना पायांनी चालावे लागते त्यांना ती एकच वाट होती, कारण बाकी सगळीकडे घाणेरीचे रान माजले होते. खड्ड्याच्या काठावरचे गवत वाढून आत झुकले होते, त्यामुळे काठ नेमका कुठे संपतो ते कळत नसे. वरून पाहिले तर तिथे नुसते हिरवे दिसे. तळाशी पाझराचे पाणी साचलेले होते. मोठ्यांना त्याचा वास येत नसे. पिलांना येई.

सभासद वरून येत. पोपट, होला आणि साळुंकी हे तिघे उडत येत. चिटणीस खार होती. ती उडत नसली तरी उंबराच्याच फांद्यांवर राही आणि खोडावरून थेट पारावर उतरे. अध्यक्ष धनेश होता. त्या वाटेला यांच्यापैकी कुणाचा पाय कधी लागला नव्हता, आणि यात त्यांचा काही दोष होता असे म्हणता येत नाही.

धनेश वाईट नव्हता. त्याची बायको आणि पिले उंबराच्या खोडातल्या ढोलीत होती. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून बंद केलेले होते, आणि चोच बाहेर येईल एवढीच एक फट ठेवलेली होती. दिवसभर तो उंबरे तोडून त्या फटीत भरवत असे. मुले अशी ठेवावीत असे त्याला वाटे. जमिनीवर पळणाऱ्या मुलांच्या आयांचा त्याला राग नव्हता. थोडे नवल मात्र वाटे.

सभेपुढे कामे पुष्कळ असत. पाणवठ्यावरचे शेवाळ कुणी खरवडायचे, मुंग्यांच्या रांगेने वाट कुठे ओलांडायची, काजव्यांनी कुठल्या झुडपापासून कुठल्या झुडपापर्यंत उजेड द्यायचा, कावळ्यांनी सकाळी कितपत लवकर ओरडायला लागावे. या विषयांवर मनापासून चर्चा होई. शेवाळावरून तर पोपट आणि होला यांचे बोलणे बंद झाले होते आणि दोघांचे निरोप साळुंकीमार्फत जात. साळुंकी ते पोचवताना थोडे वाढवत असे.

पण या सगळ्याच्या आधी दुखवटा असे. कुणाचे पिलू गेले असेल तर त्या दिवशी दुसरे काम करायचे नाही, अशी रीत होती, आणि ती चांगल्या मनानेच पडली होती. अध्यक्ष दोन शब्द बोलत. मग ओढ्याकाठची रानडुकरे एक दगड ढकलत ढकलत पाराशी आणत आणि पिलाच्या आईला विचारत, “बाई, कुठं ठेवायचा?” हा प्रश्न विचारला गेला की सभासदांनी डोळे मिटून उभे राहायचे आणि दगड टेकल्याचा आवाज येईपर्यंत तसेच राहायचे. तोवर आई आणि डुकरे यांच्याखेरीज कुणी तोंड उघडायचे नाही. आई बहुधा मानेनेच आधीच्या दगडाशेजारची जागा दाखवी. दगड टेके. अध्यक्ष डोळे उघडून म्हणत, “दिवंगताच्या सन्मानार्थ सभा तहकूब.” तहकूब झालेली सभा पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्या विषयापासून सुरू होई.

दगड आईच्या मालकीचा असे. एका तित्तरीने, आपला दगड उन्हात फार तापतो म्हणून, तो मागाहून सावलीत हलवून घेतला होता. आईने सांगितले तर डुकरांनी दगड हलवावा, हेही तेव्हापासून रीतीला धरून मानले गेले.

असे करता करता पाराच्या कडेने दगडांची रांग लागली. रांगेचे वर्तुळ झाले, आणि वर्तुळावर दुसरा थर चढला. पारावरच्या सभासदाला आता पलीकडचे काही दिसत नसे. वाराही लागत नसे. बसायला किती बरे झाले, असे साळुंकी एकदा म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन पिसे साफ करू लागली.

लावरीने त्या वर्षी वाटेजवळच्या गवतात अंडी घातली होती. ती चार अक्षरे शिकलेली होती, त्यामुळे तिची भीतीही मुद्देसूद होती. अंड्यांवर बसल्या बसल्या ती क्रम लावी. पिले बाहेर आली की त्याच दिवशी चालू लागणार. चालू लागली की तहान लागणार. तहान लागली की पाणवठा, आणि पाणवठा म्हणजे ती वाट. इथवर आले की ती अंडी पुन्हा मोजी. मग ती स्वतःला समजावी, की इतक्या आया त्याच वाटेने जातात आणि परत येतात, जगात आपणच पहिल्यांदा आई झालेलो नाही. तिचा नवरा लावा तर हे रोजच सांगे. “तू फार पुढचं बघतेस,” असे म्हणून तो किडे वेचायला निघून जाई. तो खोटे बोलत नव्हता. पुढचे बघणे ही तिची खोडच होती. लहानपणी एकदा ढग बघून तिने सगळ्या भावंडांना झुडपाखाली बोलावले होते आणि पाऊस आलाच नव्हता, हे घरात अजून हसून सांगितले जाई.

म्हणून तिने आपल्या भीतीला एक खूण लावून ठेवली. काठ आणि वाट यांच्या मधोमध टाकळ्याचे एक झुडूप होते. ते जागेवर आहे तोवर घाबरायचे नाही, असे तिने ठरवले. वळवाची एक सर पडून गेल्यावर ती पाहायला गेली, तर टाकळ्याची एका बाजूची मुळे उघडी पडली होती आणि वाऱ्यावर हलत होती. झुडूप होते जागेवरच. तिला ठरवल्याप्रमाणे घाबरता येत नव्हते आणि घाबरल्याशिवाय राहवतही नव्हते.

ती खारीकडे गेली.

“खड्ड्याला कठडा हवा,” ती म्हणाली. “वाटेच्या बाजूनं तरी.”

“विषय जुनाच आहे,” खार म्हणाली. “घालते की. आयत्या वेळच्या विषयांत घालते. सगळ्यात शेवटी येतो तो, अध्यक्षांच्या परवानगीनं.”

“आधी नाही का घेता येणार?”

“आधी दुखवटा असतो ना, बाई.”

लावरीने विचारले, की ज्या सभेला दुखवटा नसेल त्या सभेला काय. खारीने डोके खाजवले. दुखवटा नसलेली सभा तिला आठवत नव्हती. अर्थात ती स्वतः पुरून ठेवलेल्या बियासुद्धा विसरत असे, त्यामुळे तिला आपल्या आठवणीवर फारसा भरवसा नव्हता.

“मग दगड तरी चार आणून टाकायला सांगा काठाला,” लावरी म्हणाली.

“दगड दुखवट्याला मंजूर आहेत, कठड्याला नाहीत. आणि माझ्या सांगण्यानं डुकरं हलतील होय? त्यांना आईचाच शब्द लागतो.”

“मी आता आईच होणार आहे.”

खारीने तिच्याकडे पाहिले. तिला खरोखर वाईट वाटले असावे.

“तसली आई नव्हे, बाई,” ती म्हणाली.

पुढच्या सभेला लावरी पाराखाली जाऊन उभी राहिली. पायांनी चालणारे सगळे तिथेच, दगडांच्या बाहेर, उभे राहत. दुखवटा ससीणीचा होता. तिचे पिलू वाटेवरून उड्या मारत चालले होते आणि एक उडी जरा बाजूला पडली होती. धनेश बोलला. पिलाला त्याने कधी पाहिले नव्हते, तरी त्याचे बोलणे नाटक नव्हते. डुकरांनी दगड आणला आणि विचारले. सभासदांनी डोळे मिटले.

ससीणीचे कान पाठीला चिकटले होते आणि नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. डुकरे दगडाला नाक लावून थांबली. पोपटाला खोकला येत होता तो त्याने दाबून धरला. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली, दगड टेकला, आणि सभा तहकूब झाली.

“अहो, शेवटचा विषय...” लावरीच्या तोंडून निघाले.

“आज नको,” दगडांच्या फटीतून खार कुजबुजली. “बरं दिसत नाही.”

आणि बरे दिसले नसतेच. लावरीची मान खाली गेली. जी पिले अजून अंड्यांत आहेत त्यांच्यासाठी आपण दुसरीच्या गेलेल्या पिलाच्या दुखवट्यात बोलायला निघालो, याची तिला लाज वाटली. ती वळली तेव्हा ससीण तिच्या शेजारीच उभी होती.

“बोलायचं होतंस,” ससीण म्हणाली.

“तुमच्यासमोर कसं बोलू?”

“मीही असंच म्हटलं होतं. तित्तरीच्या वेळी.”

मग ससीण आपल्या दगडापाशी गेली आणि त्याला लागलेला ओढ्याचा चिखल पंजाने काढू लागली.

अंडी फुटली. पाच पिले झाली. चार एकदम बाहेर आली आणि पाचवी मागाहून, सगळ्यांची पिसे वाळल्यावर आली. तिचे नाव मागचीच पडले. मागची कधी घाईत नसे. दवाचा थेंब दिसला की ती त्यात स्वतःला पाही, मुंगी दिसली की तिला वाट करून देई, आणि आईने हाक मारली की सर्वांत शेवटी ओ देई. लावऱ्यांची चालायची एक पद्धत असते. आई पुढून हाक घालते, पिले गवतातून एकेक ओ देतात, आणि आई ते मोजत पुढे जाते. लावरी पाचव्या ओपर्यंत श्वास रोखून धरी. पाचवी ओ आली की तिला हसू येई आणि थोडा रागही येई.

पहिल्यांदा ती पिलांना पाणवठ्यावर घेऊन गेली तेव्हा खड्ड्याच्या बाजूने स्वतः चालली. टाकळ्याचे झुडूप जागेवर नव्हते. ते जिथे होते तिथे आता गवताची झालर हवेत लोंबत होती, आणि खालून गारवा येत होता.

त्याच दिवशी पिलांना लाव्याच्या स्वाधीन करून ती थेट धनेशाकडे गेली. तो फटीतून उंबरे भरवत होता. आतून एक चोच येई, उंबर घेई आणि जाई. लावरीने सगळे सांगितले. आपण जरा जास्तच सांगतो आहोत असे वाटून मधेच ती थांबली, आणि पुन्हा सांगू लागली. धनेशाने सगळे ऐकून घेतले.

“तुम्ही लिंपून का घेत नाही?” त्याने विचारले.

“आमची चालतात,” लावरी म्हणाली.

“तेच म्हणतो मी.”

धनेशाने आणखी एक उंबर फटीत सरकवले. मग धनेश म्हणाला, की येत्या सभेला दुखवटा नसेल तर पहिला विषय खड्ड्याचाच घेऊ. शेवाळाच्याही आधी. पोपटाला काय सांगायचे ते मी बघतो. हे तो मनापासून म्हणाला, आणि त्याचा शब्द खोटा ठरल्याचे आजवर कुणी ऐकले नव्हते.

लावरी उतरली ती जवळजवळ उडतच. येत्या सभेपर्यंत कुणाचेही पिलू जाऊ नये, एवढेच आता हवे होते. ती घरोघर फिरली. ससीणीकडे गेली, तित्तरीकडे गेली, मुंगसीणीच्या बिळात डोकावून तिने तिचीही विनवणी केली. मुंगूस अंडी खाते हे तिला माहीत होते, आणि मुंगसीणीलाही ते माहीत होते. त्या विषयावर दोघीही काही बोलल्या नाहीत. सभेपर्यंत पिलांना वाटेवर आणू नका, दवावर भागवा, एवढेच लावरी सगळ्यांना सांगत होती.

“आणि उन्हानं दव उडाल्यावर?” तित्तरीने विचारले.

“माझ्या चोचीतून आणून देईन.”

“पन्नास पोरांना? चोच केवढी, बाई, तुझी.”

तरी आयांनी ऐकले. माळावर तसे कधी झाले नव्हते. वाट ओस पडली. पिले दिवसभर बिळांत आणि गवतात कोंडून राहिली, रडली, आईच्या अंगावरून घसरली, दव चाटून पुन्हा रडली. ज्यांची पिले आधीच गेली होती त्या आया पाणवठ्यावरून तोंडात पाणी धरून आणत आणि दुसऱ्यांच्या पिलांच्या तोंडात सोडत. कुणी काही बोलत नसे, कारण तोंडे भरलेली असत. सभेचा दिवस उजाडला तेव्हा सगळी पिले होती. लावरीने पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. सगळी होती.

आता फक्त सभेला जायचे होते.

लावा पहाटेच किडे वेचायला गेला होता. ससीण, तित्तरी, मुंगसीण सगळ्याच सभेला निघाल्या होत्या, कारण इतक्या वर्षांनी तो विषय निघणार होता आणि प्रत्येकीला तो ऐकायचा होता. पिलांना गवतात एकटे ठेवावे तर आकाशात घार होती. लावरीने क्षणभर विचार केला, आणि पिलांना बरोबर घेतले. पाराकडे जायला वाट तीच होती.

ती खड्ड्याच्या बाजूने चालली. हाक घातली, ओ आली. एक, दोन, तीन, चार. पाचवी नेहमीप्रमाणे उशिरा आली. थोडे पुढे गेल्यावर तिने पुन्हा हाक घातली. चार आल्या. ती थांबली. पाचवी आली, पण मागून आली नाही. खालून आली.

ओ अगदी स्पष्ट होती. तिच्यात घाबरल्यासारखे काही नव्हते. मागची नेहमी देई तशीच ती होती, जरा सवडीने दिलेली. लावरी मागे धावली आणि चारही पिले तिच्यामागे धावली, थेट काठाच्या दिशेने, कारण आई जाते तिकडे जायचे एवढेच त्यांना माहीत होते. म्हणून तिला थांबावे लागले. तिने चौघांना पंखांखाली दाबून धरले आणि काठापासून दूर वाटेच्या पलीकडे घाणेरीत बसली. तिथून तिला खाली वाकून बघताही येईना. ती हाक घाली. खालून ओ येई. पंखांखालची चारही दरवेळी ओ देत, आणि ती त्यांना गप्प करी, पाचवी ऐकू यावी म्हणून.

सभेला निघालेल्या आया वाटेवर थांबल्या. ससीण पोटावर सरपटत काठापर्यंत गेली आणि तशीच मागे आली.

मग एका हाकेला चारच ओ आल्या.

सभा वेळेवर भरली होती. धनेशाने पहिला विषय खड्ड्याचा असे सांगितले होते, पोपटाने कुरकुर करून ते मान्य केले होते, आणि ज्या बाईंनी विषय मांडायचा त्या कुठे आहेत असे विचारले जात होते. तेवढ्यात खाली आया आल्या. दगडांच्या फटीतून खारीने विचारपूस केली आणि अध्यक्षांच्या कानाशी जाऊन सांगितले. धनेशाची मान खाली गेली.

“आधी दुखवटा,” तो म्हणाला.

तो दोन शब्द बोलला. नेहमीपेक्षा त्याला जड गेले, कारण या आईला तो ओळखत होता. डुकरांना निरोप गेला. त्यांनी ओढ्यातून दगड ढकलत आणला. दगड लहान होता, कारण पिलू लहान होते.

लावरी पाराखाली उभी होती. चार पिले तिच्या पायांत होती.

“बाई, कुठं ठेवायचा?” डुकराने विचारले.

पारावर सभासदांनी डोळे मिटले.

लावरीने दगडांच्या भिंतीकडे पाहिले. दुसऱ्या थरात, ससीणीच्या दगडाशेजारी, बरोबर तेवढीच जागा मोकळी होती. तिला वाटले, आपण आता जे बोलणार ते बरे दिसणार नाही. आपण चुकत असू. आजवर इतक्या आयांनी मान हलवली, त्या काही वेड्या नव्हत्या.

“खड्ड्याच्या काठाला,” ती म्हणाली. “वाटेच्या बाजूनं.”

डुकरांना दगड कुठेही ठेवणे सारखेच होते. त्यांनी तो वळवला. पारावर डोळे मिटून उभ्या असलेल्यांना दगड जवळ येण्याऐवजी लांब लांब जाताना ऐकू येऊ लागला. साळुंकीने चोच उघडली आणि तशीच मिटली. टेकल्याचा आवाज अजून आला नव्हता.

तो यायच्या आत ससीण म्हणाली, “माझाही उचला.”

“कुठं ठेवायचा, बाई?” दुसऱ्या डुकराने विचारले.

“तिच्या शेजारी.”

प्रश्न पुन्हा विचारला गेला होता, त्यामुळे पहिला दगड टेकला तरी सभासदांना डोळे उघडता येईनात. ससीणीचा दगड भिंतीतून निघाला. मग तित्तरी पुढे झाली. मग मुंगसीण. मग अशा आया, ज्या फार वर्षांपूर्वीच्या होत्या आणि ज्यांना आता नीट चालताही येत नव्हते. प्रत्येकीला विचारले गेले, प्रत्येकीने सांगितले. काही जणींनी दगड जाऊ देण्याआधी त्याला तोंड लावले. एक घोरपड आपल्या दगडावर आडवी पडून राहिली, डुकरे थांबली, आणि मग ती बाजूला झाली. खरडत जाणाऱ्या दगडांखाली गवत चिरडत होते आणि त्याचा ओला वास सुटला होता.

पारावर हळूहळू वारा लागू लागला. आधी पायांना लागला, मग पोटाला. होल्याची पिसे उलटी फिरली. इतक्या वर्षांत वाऱ्याची सवय मोडली होती, त्यामुळे खारीला कापरे भरले. कुणी डोळे उघडले नाहीत. वर ढोलीच्या फटीत चोच आपटल्याचा आवाज येऊ लागला, कारण भरवायची वेळ टळून गेली होती. धनेशाची मान त्या आवाजाकडे वळली, पण डोळे त्याने मिटलेलेच ठेवले. रीत रीत होती.

शेवटी डुकरे लावरीपाशी आली.

“संपले, बाई,” त्यांच्यातले म्हातारे म्हणाले. “वाटेची बाजू झाली. पाराच्या बाजूला पुरले नाहीत.”

लावरीने मान हलवली. तिने हाक घातली, चार ओ आल्या, आणि पाचवीसाठी श्वास रोखलेलाच ठेवून ती दगडांच्या कडेकडेने पाणवठ्याकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या आया आपापली तहानलेली पिले आणायला गेल्या. पिले दगडांना अंग घासत चालणार होती. त्यांना ते कसले दगड ते माहीत नव्हते.

शेवटच्या दगडाचा आवाज विरून गेल्यावर, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही याची खात्री झाल्यावर, सभासदांनी डोळे उघडले.

पाराभोवती काही नव्हते. डुकरांनी तुडवल्यामुळे काठावरचे गवत आडवे झाले होते आणि खड्डा पहिल्यांदाच पुरता दिसत होता. वाटेच्या बाजूला तो दगडांपाशी थांबला होता. या बाजूला त्याला थांबवणारे काही नव्हते. पाराची माती भिंतीआड केव्हाच ढासळून गेली होती, काठ सभासदांच्या पायांपर्यंत आला होता, आणि उंबराची मुळे, पांढरी, ओली, खड्ड्यात उघडी लोंबत होती.

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. सभा तहकूब झाल्याचे शब्द अजून उच्चारले गेले नव्हते आणि त्याशिवाय कुणाला हलता येत नव्हते. धनेशाने चोच उघडली. वर फटीतून एक चोच बाहेर आली होती, तिच्याखाली आणखी एक, इवलीशी, उंबरासाठी आ वासलेली. खाली मुळांवरून मातीचे एकेक ढेकूळ सुटून पाण्यात पडत होते.